नव्वदचं दशक: गाणं कोणतं लागलं होतं आणि बातमी काय होती?

रिवाइंड (धागाकर्ता)

'नव्वदच्या दशकातली टॉप टेन गाणी' असे धागे इथे ढिगाने झालेत. तीच ती नावं येतात, मग कुमार सानूच्या नाकावरून दोन तट पडतात आणि तिसऱ्या पानावर संपादकांना हात घालावा लागतो. म्हणून या धाग्याचा खेळ जरा वेगळा. १९९० ते १९९९ मधलं एक गाणं घ्यायचं, आणि ते सगळीकडे वाजत होतं तेव्हा पेपरात काय छापून येत होतं ते सांगायचं. नुसतं गाणं चालणार नाही, नुसती बातमीही नाही. कॅसेट आणि पेन्सिलचा फोटो टाकणाऱ्याला दंड.

खेळ सुचला त्याचं कारण असं. तेव्हा गाणी आपण निवडत नव्हतो. घरात टेप असला तरी कॅसेटी मोजक्या. बाकी सगळं ऐकणं रिक्षात, सलूनमध्ये, एसटी स्टँडवरच्या रसवंतीत नाहीतर गणपतीच्या मांडवात. दुसऱ्याने लावलं ते आपण ऐकायचं. त्यामुळे पेपरात काहीही येवो, त्या आठवड्यात जे गाणं वाजत होतं ते त्या बातमीला चिकटलं. मग ते आवडीचं असो वा नसो.

सुरुवात माझ्यापासून. १९९१चा जुलै. पहिल्या आठवड्यात दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं, मग रिझर्व्ह बँकेचं ४७ टन सोनं गहाण पडल्याच्या बातम्या, आणि २४ जुलैला मनमोहनसिंगांचा अर्थसंकल्प. आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये पेपर सामुदायिक असायचा, एक जण मोठ्याने वाचायचा. 'देशाने सोनं गहाण टाकलं' हे ऐकून दाढी अर्धी झालेले एक आजोबा उठून बसले होते. आणि मागे 'साजन'. चित्रपट ऑगस्टअखेर आला, पण त्या काळी कॅसेट आधीच येऊन बसलेली असायची. मला त्यातली गाणी धड आवडत नाहीत. पण 'उदारीकरण' हा शब्द कुठेही वाचला की बालसुब्रमण्यम गायला लागतात. माझा इलाज नाही.

शंकासुर

रुमाल टाकून ठेवतो. सानूबद्दल बोलायचं नाही म्हणजे धाग्याचा जीवच काढून घेतलात राव.

कॅसेटवाला

आमचं दुकान होतं, कऱ्हाडला, त्यामुळे या विषयावर बोलायचा हक्क बजावून घेतो.

रिवाइंड म्हणतात ते खरं आहे, पण दुकानदार तरी तेच का लावायचा? कारण कॅसेट स्वस्त झाली होती. एचएमव्हीचा माल महाग आणि मोजक्या दुकानांत. गुलशनकुमार दिल्लीच्या दर्यागंजातल्या रसाच्या दुकानातून आलेला माणूस. त्याला कळलं की कॅसेट हा किराणा आहे. टी-सीरिजने ती पानटपरीवर, स्टेशनरीत, पेट्रोलपंपावर नेऊन ठेवली. जुनी गाणी नव्या गळ्यांकडून गाऊन घ्यायला कॉपीराइट कायद्यात वाट होती, ती त्याने हमरस्ता केली. रफीची गाणी सोनू निगमच्या आवाजात, किशोरची सानूच्या. मूळ गायकाचं नाव मोठ्या अक्षरात आणि खऱ्या गायकाचं बारीक. गिऱ्हाईक घरी जाऊन परत यायचं, "अहो, हा रफी नाही." आम्ही काय करणार? त्याला लागूनच झंकार बीट्स. मूळ गाण्यावर वरून टिक-चिक-टिक ओतलेलं. ट्रकवाले आणि वडापवाले झंकारशिवाय कॅसेट हातात घ्यायचे नाहीत.

'आशिकी' १९९०ची. मुखपृष्ठावर जॅकेटखाली तोंडं झाकलेली दोन माणसं, हिरो कोण हिरॉइन कोण पत्ता नाही, तरी खोकी उघडायच्या आत माल संपायचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्ही. पी. सिंगांनी मंडल आयोग लागू करायची घोषणा केली. दुकानासमोरून आज एका बाजूचा मोर्चा तर उद्या दुसऱ्या बाजूचा. दोन्ही मोर्चे पांगले की पोरं आमच्याकडेच यायची आणि 'आशिकी'च मागायची.

शंकासुर

आणि १९९७? दुकानदाराकडून ऐकायचंय.

कॅसेटवाला

१२ ऑगस्ट १९९७. गुलशनकुमारला अंधेरीत देवळाबाहेर गोळ्या घातल्या. आमच्याकडे बातमी सातच्या बातम्यांत कळली असं म्हणवत नाही, कारण त्याआधीच कुणीतरी मुंबईहून एसटीने आलेला सांगून गेला होता. लोकांना चेहरा माहीत होता, कारण भजनांच्या व्हिडिओत तो स्वतः हात जोडून बसलेला असायचा. कंपनीच्या मालकाचा चेहरा गिऱ्हाइकाला ठाऊक असण्याचं दुसरं उदाहरण आमच्या धंद्यात नव्हतं.

नंतर नदीम-श्रवण या संगीतकार जोडीतल्या नदीमचं नाव आरोपी म्हणून आलं. तो तेव्हा इंग्लंडमध्ये होता, त्याने आरोप नाकारले आणि तिथल्या न्यायालयाने प्रत्यार्पण नाकारलं. नदीम-श्रवण त्यानंतरही वाजले, २००० साली 'धडकन' आला. पण तो एकछत्री अंमल परत आला नाही. आणि खरं सांगू का, खून झाला नसता तरी तो गेलाच असता. 'रोजा' १९९२ला येऊन गेला होता. पहिल्याच चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार घेणाऱ्या रहमान नावाच्या पोराच्या गाण्यांना झंकार बीट्स टाकायला जागाच नव्हती.

मावशीबाई

तुम्ही सगळे दुकानातून नि सलूनमधून बोलताय. स्वयंपाकघरातलं ऐका.

१९९१ म्हणजे 'माहेरची साडी'. अलका कुबल. अनिल मोहिलेंचं संगीत. बायका टेम्पो करून तालुक्याला जायच्या, रडून यायच्या आणि आल्यावर पुन्हा जायचं ठरवायच्या. त्या वर्षी २१ मेला राजीव गांधी गेले, निवडणूक मध्येच पुढे ढकलली गेली. पण आमच्या वाड्यात विचाराल तर १९९१ हे 'माहेरची साडी'चं साल. माझ्या सासूबाई, ज्यांनी आयुष्यात सिनेमाला नाक मुरडलं, त्यासुद्धा पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. (मग घरी येऊन मला जे बोलल्या ते चित्रपटातल्या सासूचंच होतं, ते असो.)

आणि १९९४ला जांभळी साडी. 'हम आपके हैं कौन'मध्ये माधुरीने नेसलेली. कापडवाल्याने कुठलीही जांभळी चकचकीत साडी काढायची आणि 'दीदी'ची म्हणून खपवायची. आमच्या नात्यातल्या एका साखरपुड्यात जांभळ्या साड्यांच्या इतक्या बायका होत्या की फोटोत नवरी सापडेना.

नागपुरी_संत्रं

मावशी, १९९४ला आलाच आहात तर थांबा, हा आमचा प्रांत आहे.

'हम आपके हैं कौन' ५ ऑगस्ट १९९४ला आला. मुंबईत 'लिबर्टी'ला १०० आठवड्यांच्या वर चालला. लोक म्हणतात लग्नाची कॅसेट, चौदा गाणी, सूरज बडजात्या, माधुरी, सलमान. संगीतकार कोण विचारलं की "राम-लक्ष्मण, कुणीतरी जोडी होती." जोडी नव्हती हो! एकटे विजय पाटील, आमचे नागपूरचे. अकॉर्डियन आणि पियानो वाजवायचे. दादा कोंडक्यांनी 'पांडू हवालदार'ला संधी दिली, ती सुरेंद्र नावाच्या साथीदाराबरोबर. तो 'राम', हे 'लक्ष्मण'. राम लवकर वारला आणि पाटलांनी पुढची सगळी वर्षं दोघांच्या नावाने काम केलं. 'मैंने प्यार किया' त्यांचं. आणि तुमच्या प्रत्येक गल्लीत दर भाद्रपदात वाजणारं 'देवा हो देवा' (१९८१) तेही त्यांचंच. मराठी माणसाने हिंदीत काय केलं यावर छाती फुगवणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? महाराष्ट्र शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार मिळायला २०१८ उजाडलं. २२ मे २०२१ला नागपुरातच गेले. त्याच्या बरोबर महिनाभर आधी श्रवण गेले होते, कोविडने. नव्वदच्या दशकाचे दोन खांब एका उन्हाळ्यात पडले आणि आपण सगळे तेव्हा ऑक्सिजनचे सिलिंडर शोधत होतो.

आता बातमी. हा चित्रपट नागपुरात जोरात चालू होता तेव्हाच २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा. पोलिसांच्या लाठीमारानंतर चेंगराचेंगरी झाली, ११४ जीव गेले. त्यात बायका आणि लहान मुलंच जास्त. आज सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे, खालून रोज गाड्या जातात. त्या संध्याकाळी आमच्या शेजारी लग्न होतं. मंडपात 'दीदी तेरा देवर दीवाना' लावलेलं, आणि बर्डीहून परत आलेला एक जण मंडपाच्या दाराशी उभा राहून वरपित्याला काहीतरी सांगत होता. ते गाणं बंद केलं का? नाही केलं. आवाज कमी केला. हे मी दोष म्हणून लिहीत नाहीये, जे झालं ते लिहितोय.

रिवाइंड

नागपुरी, धागा काढला तेव्हा हेच डोक्यात होतं. 'आवाज कमी केला' वाचून थांबलो.

औसेकर

लिहू की नको असा विचार करत होतो. वरचं वाचून लिहितो.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं. आमच्या मंडळात आणि आजूबाजूच्या गावांतही त्या वर्षी 'खलनायक'ची गाणी वाजली होती, म्हातारी माणसं ओरडत होती, "देवापुढे हे काय लावता?" पोरं नाचून दमून येऊन झोपलेली. किल्लारी आमच्यापासून लांब नाही. लातूर आणि उस्मानाबाद मिळून ५२ गावं पार गेली, माणसं दहा हजारांच्या घरात.

बाहेरच्यांना एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे इतकी माणसं का गेली. भूकंपापेक्षा घरांनी मारलं. आमच्याकडची जुनी घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर माळवद. माळवद म्हणजे लाकडावर हातभर मातीचा थर, उन्हाळ्यात गार राहावं म्हणून. दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती पडायची. ते सगळं झोपलेल्या माणसावर आलं. जे विसर्जनाहून उशिरा येऊन बाहेर ओट्यावर पडले होते त्यातले काही वाचले. नंतर कित्येक महिने लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले आणि पक्कं घर मिळाल्यावरही आत झोपायला तयार नव्हते.

त्या चित्रपटातल्या एका गाण्यावरून देशभर गदारोळ झाला, दिल्लीत कोर्टात गेले, तो नायक त्याच वर्षी मुंबई स्फोटांच्या खटल्यात अटकेत होता, हे सगळं मी नंतर वाचलं. आमच्याकडे ते गाणं वेगळ्या कारणाने लागत नाही. कुणी ठरवलेलं नाही, पण आमच्या मंडळात अजून लागत नाही. डीजेवाला बाहेरगावचा असला तर त्याला आधी सांगतात.

चाळकरी

🙏

मावशीबाई

औसेकर, लिहिलंत ते बरं केलंत.

भावगीतप्रेमी

विषय गंभीर झाला आहे, तरी एक तक्रार नोंदवतो. धागा मराठी आणि गाणी सगळी हिंदी. 'एक होता विदूषक' १९९२चा. जब्बार पटेल, पुलंची पटकथा, महानोरांचे शब्द, आनंद मोडकांचं संगीत. मग १९९४ला 'मुक्ता', पुन्हा मोडक-महानोर. या दर्जाचं काम त्या दशकात हिंदीत किती झालं? आणि १९९८चा 'गारवा' कुणालाच आठवू नये? मिलिंद इंगळे, सौमित्र. त्या पावसाळ्यात कॉलेजच्या कट्ट्यावर दुसरं काही वाजत नव्हतं. बातमी पाहिजे ना? ११ आणि १३ मे १९९८ला पोखरण. अणुस्फोट मेमध्ये, 'गारवा' पावसात. आमचे एक सर वर्गात म्हणाले होते, "देश तापलाय आणि तुम्हाला गारवा सुचतोय."

कॅसेटवाला

भावगीतप्रेमी, 'गारवा' खपला, कबूल. पण 'विदूषक' आणि 'मुक्ता'ची कॅसेट मागायला महिन्याला कुणी एखादं गिऱ्हाईक यायचं, आणि त्याच्या खांद्याला शबनम असायची. दर्जाचा प्रश्न नाही, वाजण्याचा आहे. मांडवात जे वाजत नाही ते बातमीला चिकटत नाही.

नागसेनवनातला

मांडवात काय वाजतं ते तुमचा मांडव कुठला यावर आहे.

इथे आत्तापर्यंत एकाही प्रतिसादात भीमगीत आलं नाही. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, वामनदादा कर्डकांचे शब्द. ही गाणी दूरदर्शनच्या कुठल्या काउंटडाउनमध्ये नव्हती. दिवाळी अंकांच्या 'दशकाचा आढावा' लेखांतही नव्हती. पण दीक्षाभूमीवर दसऱ्याला आणि चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला कॅसेटींच्या ज्या रांगा लागायच्या, त्या बघितल्या असत्या तर खप कशाला म्हणतात ते कॅसेटवाल्यांनाही कळलं असतं.

माझ्या दोन जोड्या. पहिली: १४ जानेवारी १९९४, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार. विधिमंडळाने ठराव केला होता १९७८ला. मधल्या काळात लोकांची घरं जळली, माणसं मारली गेली. त्या दिवशी आमच्या वस्तीत सकाळपासून भोंगे. माझे वडील कधी नाचले नव्हते, त्या दिवशी नाचले.

दुसरी: ६ डिसेंबर १९९२. आम्ही औरंगाबादहून दादरला आलो होतो. दिवसभर शिवाजी पार्कला स्टॉलवर गाणी, पुस्तकं, बिल्ले. संध्याकाळी अयोध्येची बातमी गर्दीतून पसरत आली. तोंडातोंडी, तुकड्या-तुकड्याने. स्टॉलवाले माल आवरायला लागले, बाप्ये बायकापोरांना घेऊन स्टेशनकडे निघाले. एका स्टॉलवर कॅसेट चालूच राहिली होती, मालक आवरण्याच्या गडबडीत. बाबासाहेबांचं गाणं आणि समोरून पांगणारी माणसं. मला त्या तारखेचा दुसरा आवाज माहीत नाही.

कॅसेटवाला

कबूल. एक भर घालतो. आमच्या दुकानात भीमगीतं एप्रिलमध्ये आणि डिसेंबरमध्ये मागवली जायची, बाकी वर्षभर खालच्या खणात. आम्ही ती वर लावत नव्हतो, हेही खरं.

अंधेरीकर

जरा हलकं काहीतरी. १ नोव्हेंबर १९९६, मायकल जॅक्सन, अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स. मराठी तरुणांच्या रोजगारासाठी निघालेल्या शिवउद्योग सेनेच्या मदतीसाठी कार्यक्रम, राज्य सरकारने करमणूक कर माफ केला, मुंबई ग्राहक पंचायत त्याविरुद्ध कोर्टात गेली. एकाच आठवड्यात पेपरच्या पहिल्या पानावर 'मूनवॉक', 'करमाफी' आणि 'मराठी तरुणांना रोजगार' हे तिन्ही शब्द आले होते. आमच्या गच्चीवरून आवाज स्पष्ट येत होता. सोसायटीतल्या झाडून सगळ्यांनी गच्चीवर सतरंज्या टाकल्या, चिवडा केला, आणि एक काका मध्येच म्हणाले, "यापेक्षा आपला जॉनी लिव्हर बरा."

पुणेरी_पाटी

१९९५चा सप्टेंबर द्या मला. ८ तारखेला 'रंगीला' आला, त्याच दिवशी आशाताई ६२ वर्षांच्या झाल्या. 'तनहा तनहा' ऐकून सांगा कुणाचं वय काय ते. २१ तारखेला गणपती दूध प्यायला लागले. आमच्या पेठेत देवळाबाहेर रांग, हातात वाट्या-चमचे, आणि रांगेशेजारच्या रिक्षात 'रंगीला'. विज्ञानवाले पृष्ठताण समजावून सांगत होते, रांगेतले ऐकून घेत होते आणि रांग सोडत नव्हते. दुपारी दूध संपलं. चहावाल्याने कोऱ्या चहाचा भाव वाढवला, त्याला मी आजतागायत मानतो.

जर्सीसिटीकर

जाता जाता, देशाबाहेरचा एक प्रतिसाद चालेल का? १९९९. वायटूकेच्या (२००० साल लागताच कॉम्प्युटर तारखेत गोंधळून बंद पडतील ही भीती) कामाला आलेल्या लोंढ्यातला मी एक. ओक ट्री रोडवरच्या वाणसामानाच्या दुकानात डाळ-तांदळाच्या शेजारी कॅसेटी. 'ताल' ऑगस्टमध्ये आला, तो गाडीत घालून सगळा हिवाळा काढला. आधी उन्हाळ्यात कारगिल. बातम्या इंटरनेटवर, मोडेमवर, एकेक ओळ उघडायची. आई फोनवर सांगायची की इकडे पुन्हा 'बॉर्डर'चं 'संदेसे आते हैं' लागतंय सगळीकडे, चित्रपट १९९७चा असूनही. २४ डिसेंबरला विमान कंदाहारला नेलं, ते आठ दिवस चाललं. ३१च्या रात्री आम्ही सगळे ऑफिसात, बारा वाजता काय बंद पडतंय ते बघायला. काहीच बंद पडलं नाही. साहेबाने पिझ्झा मागवला आणि कुणीतरी कॉम्प्युटरच्या स्पीकरवर 'ताल से ताल' लावलं. जानेवारीअखेर निम्म्यांची कंत्राटं संपली.

चाळकरी

आता माझं घ्या. १३ मार्च १९९६, बुधवार, ईडन गार्डन्स, श्रीलंकेविरुद्ध उपांत्य सामना. आणि त्याच संध्याकाळी माझ्या मोठ्या भावाची वरात, डोंबिवलीत. मुहूर्त गुरुजींनी काढलेला, वर्ल्डकपचं वेळापत्रक कुणी पाहिलं नाही. बँडवाला 'मेहंदी लगा के रखना' वाजवतोय, त्या मोसमात त्याच्याशिवाय लग्न लागत नव्हतं. वरातीतले पुरुष एकेक करून गायब. दर इमारतीपाशी दोघं कमी. सचिन ६५वर यष्टिचित झाला तेव्हा ९८ला एक होते, १२०ला आठ झाले. मग प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आग लावली, सामना श्रीलंकेला दिला. कांबळी रडत मैदानाबाहेर आला. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी पेपरातून कळलं, कारण नवऱ्याचा घोडा धरायला माझ्याशिवाय कुणी उरलंच नव्हतं. क्लॅरिनेटवाला दर कडव्याला थांबून वर बाल्कनीतल्या लोकांना विचारत होता, "किती झाले?" आठ विकेट ऐकल्यावर त्याने जे वाजवायला घेतलं ते 'मेहंदी' नव्हतं.

शंकासुर

मग काय वाजवलं?

चाळकरी

'बाबुल की दुआएँ'. मुलीकडच्यांना वाटलं मुद्दाम केलं. वहिनी अजून ऐकवते.

मावशीबाई

😄 नवऱ्याच्या वरातीत! वहिनींचं बरोबर आहे.

रिवाइंड

१९९६ला अजून जागा आहे, लातूर-नागपूर-डोंबिवली झालं, कोकण आणि खानदेश गप्प का? जळगाव-धुळ्याकडचं कुणी असेल तर अहिराणी कॅसेटींवर लिहा. आणि गोव्याचे लोक, तुमच्याकडे ते दशक कोकण रेल्वेचं. १९९८च्या जानेवारीत पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा फलाटावर काय वाजत होतं?